नाइट गार्ड: पहिले पंधरा दिवस

झोपेत दात खाणाऱ्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. पत्ता लागतो तो शेजारी झोपलेल्याला. जामखेड भागात उन्हाळ्यात निम्मं गाव गच्चीवर नाहीतर अंगणात झोपतं, त्यामुळे एकाची करकर चार जणांची झोप मोडते आणि सकाळी चहाच्या वेळी विषय निघतो. "रात्रभर काय खडी फोडत होतास का रे?" मग घरातली म्हातारी निदान करून मोकळी होते: "जंत झालेत त्याला. गोळी आणा."

जंतांची गोळी घ्यायला कुणाची हरकत नाही. शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना अल्बेंडाझोल देतात ते रक्त कमी होऊ नये, वाढ खुंटू नये म्हणून. ती जरूर द्यावी. पण तिनं दातांची करकर थांबेल या भरवशावर राहू नये, आणि चाळिशीतल्या माणसानं तर मुळीच नाही. झोपेत मेंदू अधूनमधून काही सेकंदांपुरता अर्धवट जागा होतो, नाडी जरा वाढते, आणि काही माणसांत त्याच वेळी जबड्याचे स्नायू आवळून चावायला लागतात. डोक्याला ताण असला, रात्री दारू झाली, तंबाखू किंवा उशिराचा चहा जास्त झाला, की हे वाढतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही वाढतं. मोठ्या माणसांत साधारण दहांत एकाला हा प्रकार असतो, लहान मुलांत त्याहून जास्त, आणि वयाबरोबर तो कमी होत जातो. २०१८ साली या विषयातल्या देशोदेशीच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून मत दिलं, की एरवी धडधाकट माणसाच्या या सवयीला सरसकट आजार म्हणू नये. तिच्यामुळे दातांचं किंवा जबड्याचं नुकसान होतंय का, ते बघावं. म्हणजे आवाज येतो म्हणून रात्री दातांवर घालायचं प्लास्टिकचं गार्ड हवंच असं नाही.

हवं कुणाला? सकाळी उठल्यावर ज्याची कानशिलं आणि जबडा ठणकतो त्याला. ज्याच्या दाढांचे उंचवटे झिजून सपाट झालेत, दाढेत भरलेलं सिमेंट वारंवार निघतं, रूट कॅनाल करून बसवलेली टोपी फुटते, गार पाणी दातांना झोंबतं, त्याला. इथे एक सावधगिरी आपल्याकडे घ्यावी लागते. आपल्या म्हाताऱ्या माणसांचे दात बघा, बहुतेकांचे झिजलेलेच दिसतील. जन्मभर जात्यावरच्या पिठातली कच चावली आणि वर्षानुवर्षं मिश्रीनं दात घासले, तर झोपेत एकदाही दात न खाता तेवढी झीज होते. अशा माणसाला गार्ड देऊन काही साधत नाही. आधी मिश्री सोडवावी लागते. झीज कशानं झाली हे दंतवैद्य ओळखू शकतो. विचारायला मात्र पाहिजे.

गार्ड घ्यायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, तर पुढचा निम्मा मनस्ताप वाचतो. गार्ड दात खाणं थांबवत नाही. दातावर दात घासण्याऐवजी दातावर प्लास्टिक घासलं जावं, एवढंच त्याचं काम. पहिल्या काही रात्री जबड्याची ओढ जरा कमी झालेली जाणवेल, काहींची पुढेही कमीच राहते. पण महिन्याभरानं गार्डावर चरे दिसले, तर "उपयोग झाला नाही" म्हणून ते फेकू नका. ते चरे तुमच्या दातांवर पडले असते.

माप द्यायचा दिवस फार काही त्रासाचा नसतो. साच्यात गुलाबी किंवा पांढरा लगदा घालून तो दातांवर दाबतात, दोन-तीन मिनिटांत तो घट्ट होतो. त्यावरून प्लास्टरचे दात ओततात आणि त्यांच्यावर गार्ड तयार होतं. बरेच दवाखाने हे काम मोठ्या गावातल्या लॅबकडे पाठवतात, म्हणून काही दिवस लागतात. ज्यांना पटकन उमासे येतात त्यांनी जड जेवून जाऊ नये, मान किंचित पुढे झुकवावी आणि नाकानं श्वास घ्यावा. गार्ड तीन प्रकारचं मिळतं: रबरासारखं मऊ, ॲक्रिलिकचं कडक, आणि आतून मऊ-बाहेरून कडक. मऊ गार्ड पहिल्या रात्री बरं वाटतं, पण जोरात दात खाणारा ते काही महिन्यांत चावून फाडतो, आणि काही जणांना तोंडात मऊ लागलं की उलट जास्त चावायला होतं. कडक गार्ड सुरुवातीला परकं वाटतं, पण टिकतं आणि घासून नीट बसवता येतं. दात झिजेपर्यंत खाणाऱ्यानं, खिशाला झेपत असेल तर, कडकच घ्यावं असं माझं मत.

खरी महत्त्वाची फेरी ती गार्ड बसवायची. ती घाईत उरकू देऊ नका. डॉक्टर पातळ निळा कागद दातांमध्ये धरून चावायला लावतात. कडक गार्डावर जिथे निळे ठिपके गडद उमटतात तिथे ते जास्त टेकतं, तेवढं घासून काढतात. दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच वेळी टेकल्या पाहिजेत. खुर्चीतून उठायच्या आधी स्वतःच्या हातानं गार्ड तीन-चार वेळा काढा-घाला. घालताना दोन्ही हातांच्या बोटांनी सारखं दाबायचं. चावून बसवायचं नाही, त्यानं त्याला तडा जातो. काढताना दोन्ही बाजूंच्या मागच्या कडांना नख लावून सारखं ओढायचं. एका बाजूनं उचकटलं की ते वाकतं. आणि तिथल्या तिथे एक प्रश्न विचारून घ्या: पुढच्या पंधरा दिवसांत घासून घ्यायला आलो तर पैसे पडतील का? हे आधी ठरलेलं असलं की माणूस त्रास अंगावर काढत बसत नाही.

यानंतरचं सगळं घरी घडतं, आणि बहुतेक गार्ड घरीच फसतात. कुठला त्रास चार दिवसांत आपोआप जातो आणि कुठला घासून घेतल्याशिवाय जात नाही, हे कुणी सांगितलेलं नसतं. एक जण आपोआप जाणाऱ्या त्रासाला कंटाळून गार्ड सोडतो, दुसरा घासून घ्यायचा त्रास सोसत राहून हिरडी सोलून घेतो.

आपोआप जाणारा पहिला त्रास लाळेचा. तोंडात काही आलं की तोंड ते खाणं समजून लाळ सोडतं. पहिल्या रात्री उशी भिजते; वर जुना टॉवेल टाका आणि विसरून जा. हे काही दिवसांत कमी होतं. काहींचं उलट होतं, तोंड उघडं राहून कोरडं पडतं. त्यांनी पाण्याचा तांब्या उशाशी ठेवावा. दुसरा त्रास बोलण्याचा. स, श, झ ही अक्षरं घसरतात. गार्ड घालून हरिपाठ म्हणून बघा, किंवा पोरांना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवा. दहा-पंधरा मिनिटांत जीभ वाट काढते, आणि घरच्यांची करमणूकही होते. तिसरी तक्रार दात आवळल्यासारखे वाटण्याची. नवं गार्ड घट्टच असतं. सगळ्या दातांना सारखा, हलका दाब जाणवत असेल आणि सकाळी गार्ड काढल्यावर थोड्या वेळात जात असेल, तर चिंता नको.

नव्या गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत औताला कुणी जुंपत नाही. इथेही तेच करा. पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळी जागेपणी तासभर घाला, भांडी घासताना, टीव्ही बघताना, हिशेब लिहिताना. मग झोपायच्या अर्धा तास आधी घाला, म्हणजे अंथरुणावर पाठ टेकताना त्याचा विचार डोक्यात नसतो. पाठ टेकल्यावर घातलं तर सगळं लक्ष तोंडात जातं आणि झोप उडते. उमासे येत असतील तर बसूनच घाला, जिभेच्या शेंड्यावर चिमूटभर मीठ ठेवा, नाकानं संथ श्वास घ्या. ही मिठाची युक्ती दातांच्या दवाखान्यांत माप घेतानाही वापरतात. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य आहे त्यांनी ते नंतर चूळ भरून टाकावं.

सकाळी गार्ड उशीखाली किंवा गोधडीत सापडलं, तर घाबरू नका. झोपेत हातानं काढून टाकणं पहिल्या आठवड्यात नेहमीचंच. पुन्हा घाला, इतकंच. पहाटे जाग आली आणि ते तोंडात नसलं, तर तेवढ्या वेळासाठी धुऊन परत घालावं. अधूनमधून एखादी रात्र चुकली म्हणून काही बिघडत नाही. पण लग्नसराई आली, पाहुणे आले, म्हणून तीन-चार आठवडे घातलंच नाही, तर दात किंचित सरकलेले असू शकतात आणि गार्ड बसत नाही. तेव्हा जोर करू नका, दाखवून घ्या.

सकाळी उठल्यावर वरचे-खालचे दात नेहमीसारखे जुळत नाहीत असं वाटतं, त्याची भीती अनेकांना बसते. रात्रभर जबडा वेगळ्या जागी टेकलेला असतो, म्हणून ते होतं. तोंड हळूहळू उघडा-मिटा, चूळ भरा, चहा घ्या. साधारण अर्ध्या तासात दात पूर्ववत जुळतात. तोवर कडक भाकरी चावायला घेऊ नये. रोज दुपारपर्यंत दात जुळत नसतील, तर मात्र ते आपोआप जाणाऱ्या त्रासात धरायचं नाही.

घासून घ्यायचा त्रास कसा ओळखायचा? तो एका जागी असतो. एकच दात ठणकतो, हिरडीच्या एकाच ठिकाणी लाल चट्टा किंवा फोड येतो, गालाला कड घासते, एका बाजूची दाढ आधी टेकते आणि दुसरी अधांतरी राहते. जिभेला टोचणारी कड घरी कानशीनं किंवा नेलकटरनं घासायचा मोह होतो, विशेषतः ज्यांच्या घरी अवजारांची पेटी आहे त्यांना. ते करू नका. सूतभर जास्त गेलं की गार्ड सैल पडतं, आणि सैल गार्ड झोपेत निसटतं. दवाखान्यात हेच काम पाच-दहा मिनिटांचं असतं. जाताना गार्ड घेऊन जा, आणि आदल्या रात्री ते घातलेलं असू द्या, म्हणजे चट्टा कुठे आहे ते डॉक्टरांना दिसतं.

आरोग्याचं निम्मं काम दवाखान्याबाहेर, घरी होतं, ही गोष्ट जामखेडला नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं १९७० साली इथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला तो याच विश्वासावर. खेड्यातल्या, पुष्कळदा निरक्षर, बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, आणि बाळंतपणापासून जुलाबावरच्या साखर-मिठाच्या पाण्यापर्यंतचं ज्ञान त्यांच्या हाती सोपवलं. १९७९ मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि बाहेरच्या देशांतले लोक अजूनही हे काम शिकायला जामखेडला येतात. दातांचं गार्ड ही त्या मानानं किरकोळ बाब. पण तिथेही पदरात पडतं ते घरच्यांच्या साथीमुळेच. दात खाणाऱ्याला स्वतःला आवाज ऐकू येत नाही, तेव्हा आवाज कमी झाला का, घोरणं वाढलं का, गार्ड काढून टाकलं का, हे नवऱ्यानं किंवा बायकोनंच सांगायचं. टिंगल न करता.

दिवसाचा भाग लोक विसरतात. पुष्कळ माणसं जागेपणीही दात आवळून बसतात: खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवताना, वेल्डिंग करताना, मोबाइलवर डोळे लावून, बँकेच्या रांगेत. रात्री गार्ड आणि दिवसभर दातावर दात, मग कानशिलं ठणकायची कशी थांबणार? एरवी गप्प बसलेल्या माणसाचे ओठ मिटलेले आणि दात सुटे असायला हवेत; जेवताना आणि गिळताना सोडून दातांनी एकमेकांना टेकायचं काही कारण नाही. मोबाइल खिशात टाकला, गाडीची चावी फिरवली, की एकदा बघा, दात आवळलेत का. असले तर सोडा. जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवली की जबडा आपोआप सैल होतो.

जबडा दुखत असेल त्या दिवसांत खाण्याकडेही लक्ष द्या. आपल्याकडची ज्वारीची भाकरी ताजी, मऊ असेल तर काही अडचण नाही. शिळी, कडक झालेली आमटीत नाहीतर दुधात कुस्करून खावी. हुरड्याच्या दिवसांत तोंड थांबत नाही हे खरं, पण रात्री उशिरापर्यंत हुरडा, भाजके शेंगदाणे आणि दातांनी सोललेला ऊस झाला, तर सकाळचं दुखणं गार्डाच्या माथी मारू नका. झोपायच्या आधी कोमट पाण्यात पिळलेला कपडा दहा-पंधरा मिनिटं गालांवर धरला की स्नायू सैल होतात. चहा आणि दारू रात्रीच्या वेळी जेवढी टळेल तेवढी बरी. तंबाखूचा बार धरून गार्ड घालणं तर सर्वांत वाईट. तंबाखूचा अर्क प्लास्टिक आणि हिरडीच्या मध्ये रात्रभर मुरत राहतो.

स्वच्छतेचे नियम थोडे, पण आपल्या पाण्यामुळे आणि उन्हामुळे ते जरा काटेकोर पाळावे लागतात. सकाळी काढल्याबरोबर गार पाण्याखाली धरा, मऊ ब्रशनं आणि अंगाच्या साध्या साबणानं हलकं घासा. टूथपेस्ट नको, तिच्या खरखरीनं बारीक चरे पडतात आणि त्यात घाण बसते. उकळतं पाणी तर नकोच, गार्ड वाकडं होतं. बोअरच्या जड पाण्यानं काही आठवड्यांत त्यावर पांढरी पुटं चढतात, बादलीला चढतात तशीच. आठवड्यातून एकदा पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि नीट धुवा. टाकीचं पाणी शंकास्पद असेल त्या दिवसांत शेवटचं खळबळणं प्यायच्या पाण्यानं करा, अर्धा पेला पुरतो. मग पुसून, वाळवून, भोकं असलेल्या डबीत ठेवा. ओलं गार्ड बंद डबीत ठेवलं की त्याला वास येतो. डबी खिडकीच्या उन्हात, पत्र्याच्या खाली, गाडीच्या डिकीत नको. एप्रिल-मेच्या उन्हात मऊ गार्डाचा आकार बिघडायला एक दुपार पुरते. कागदात गुंडाळून ठेवलेलं गार्ड केरात जातं. आणि घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर ठेवा, कुत्र्यांना त्याचा वास फार आवडतो.

काही जणांनी मात्र आधी दुसरी तपासणी करून घ्यायला हवी. मोठ्यानं घोरून मध्येच श्वास अडकत असेल, धाप लागून जाग येत असेल, दिवसा डुलक्या लागत असतील, तर ते दंतवैद्याला आणि घरच्या डॉक्टरला दोघांनाही सांगा. हा झोपेत श्वास थांबण्याचा आजार असू शकतो, आणि अशा काही रुग्णांत वरच्या दातांवरच्या गार्डानं श्वासाचा त्रास वाढलेला आढळला आहे. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नसतील तर तेही दाखवा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी सुपारी आणि गुटख्यानं तोंडाची आतली कातडी कडक होऊन जबडा न उघडणारे तरुण आपल्याकडे कमी नाहीत. तो दात खाण्याचा परिणाम नव्हे, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. त्यावर गार्ड हा उपाय नाही. दूध-दातांच्या मुलांना सहसा गार्ड देत नाहीत. त्यांचा जबडा वाढत असतो आणि बहुतेकांची सवय आपोआप सुटते.

ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात बुडवून दातांवर दाबायची गार्डं स्वस्त असतात. आठ-दहा दिवसांची नड भागवायला ठीक. पण फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारं छोटं गार्ड स्वतःच्या मनानं महिनोन्महिने वापरू नका. ज्या दाढांना काही टेकत नाही त्या हळूहळू वर येतात, आणि मग पुढचे दात मिटेनासे होतात. साधं गार्ड तालुक्याच्या गावातला दंतवैद्यही बनवून देतो. जबडा उघडताना अडकत असेल, कानापाशी कटकट वाजून दुखत असेल, तर अहिल्यानगर गाठावं. जिल्ह्यातच लोणीला प्रवरेचं ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय. शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पैसे सहसा कमी लागतात.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावं लागतं, झोप तुटक होते, थकवा आणि तंबाखू दोन्ही वाढतात, म्हणजे दात खाणं वाढायची सगळी तयारी तिथे असते. पण कोपीवरून गार्ड घासून घ्यायला दवाखाना गाठणं जमत नाही. म्हणून माप दसऱ्याच्या आतच द्या, गार्ड हातात आल्यावर किमान पंधरा दिवस घरी घालून बघा, टोचत असेल तर एकदा घासून घ्या, आणि मगच कारखान्याच्या वाटेला लागा.